चमचाभर साखरेचा हिशोब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



सचिवांनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार? पण मी त्यांना विनंती केली की, ठेवीचे व्याजदर आता नातवंडं मोबाईलवर बघून सांगतात, त्यासाठी माझी गरज नाही. गेल्या वर्षी जूनपासून मी एक वेगळंच खातं सांभाळतो आहे, त्याबद्दल बोलू द्या. ते खातं म्हणजे माझ्या रक्तातली साखर. सचिव जरा थांबले आणि म्हणाले, “काका, बोला. माझीसुद्धा बॉर्डरवर आहे.”

आपण राहतो ते गाव साखरेचं. समर्थ सहकारी साखर कारखान्याचा भोंगा ऐकून इथली एक पिढी वाढली. या सभागृहातले निम्मे लोक कारखान्यात होते, कोणी काट्यावर, कोणी पॅनवर, कोणी शेती खात्यात. उरलेल्यांचा ऊस तिथे जातो. उतारा म्हणजे काय हे इथे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. एक टन ऊस गाळला की शंभर किलोच्या आसपास साखर पडते. आता मी तुम्हाला दुसरा उतारा सांगतो. तुमच्या-माझ्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. धडधाकट माणसाची उपाशीपोटीची साखर शंभर मिलिग्रॅमच्या आत असते, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात शंभर मिलिग्रॅम. कागदावर गुणाकार करा. सगळ्या रक्तात मिळून साखर निघते पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक लहान चमचा! आणि ज्याचा रिपोर्ट तीनशे येतो, घरात रडारड होते, त्याच्या रक्तात किती? तीन चमचे. हंगामात रोज हजारो टन ऊस गाळणाऱ्या गावात माणसाचं सगळं भांडण या दोन चमच्यांचं आहे. मला हा हिशोब समजला त्या दिवशी मी बराच वेळ चमच्याकडे बघत बसलो होतो.

माझं कसं निघालं ते थोडक्यात सांगतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, तसं तपासलं तर उपाशीपोटी १९२ आणि एचबीएवनसी ९.४. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, “आधी साखर खाली आणा, मग डोळा.” ना मला सारखी तहान लागत होती, ना रात्री चार वेळा उठावं लागत होतं, ना वजन घटलं होतं. घरी सगळ्यांचं एकच वाक्य, “तुम्हाला कसा होईल? तुम्ही तर बारीक!” शेजारपाजारही तेच. चौसष्ट किलो वजन, हातपाय काडीसारखे. पोट मात्र पट्ट्याच्या बाहेर डोकावतं, त्याकडे कोणी बघत नाही.

या ‘बारीक माणसाला कसा’ प्रश्नाचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधलं गेलं आहे, हे मला नंतर वाचून कळलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे जन्मतःच वरून बारीक, आतून चरबी. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, बीएमआय, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. डॉक्टरांनी स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून मांडलं, याचं मला फार कौतुक वाटलं. आपल्याकडे म्हणूनच वजनापेक्षा कंबर मोजायला सांगतात. पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांनी ८० च्या आत. शिंप्याची टेप प्रत्येक घरात असते. आज रात्री घरी मोजा. पोट आत ओढून मोजू नका, बँकेतसुद्धा मार्चअखेरीला असं करणारे लोक मी पाहिले आहेत.

आपण एकटे नाही, हेही सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रौढांमध्ये शंभरी ११.४ जणांना मधुमेह आणि आणखी १५.३ जण उंबरठ्यावर. एकूण दहा कोटी लोकांचा आकडा निघतो. आपल्या सोसायटीत दोनशे प्रौढ धरले तर बावीस-तेवीस जण झाले, आणि आपल्याकडे वयस्कर जास्त, म्हणजे त्याहून अधिकच. त्यातले किती जणांना माहीत आहे?

आता आकड्यांबद्दल. तीन आकडे ओळखता आले पाहिजेत. उपाशीपोटीचा १२६ किंवा वर, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर, आणि एचबीएवनसी ६.५ किंवा वर, असं असलं की मधुमेह. लक्षणं नसतील तर एकदा पुन्हा तपासून खात्री करतात. माझ्या भाषेत सांगायचं तर उपाशीपोटीची म्हणजे सकाळी कॅश उघडतानाची शिल्लक. ती एका दिवसाची. आदल्या दिवशी जपून खाल्लं की चांगली दिसते. एचबीएवनसीला फसवता येत नाही. आपल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना साखर चिकटत राहते, म्हणून दोन-तीन महिन्यांची सरासरी त्यात दिसते. कर्ज देताना आम्ही एका दिवसाची शिल्लक बघत नव्हतो, सहा महिन्यांचा उतारा मागत होतो, तसंच हे.

गोळ्या चालू झाल्या. मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ आणि सुरुवातीला ग्लिमेपिराइडची छोटी गोळी. त्याबरोबर डॉक्टरांनी एक छापील कागद दिला. त्यावर काय खावं, काय खाऊ नये. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, ब्राउन ब्रेड. आमच्या सौ.नी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “यातलं अंबडला काय मिळतं?” कागदात सुशीला नव्हता. वरणफळं नव्हती. धपाटे नव्हते. ज्वारीची भाकरी ‘मर्यादित’ म्हणून लिहिली होती. मर्यादित म्हणजे किती? अर्धी, एक, का चार? आणि भाकरी कोणाच्या हातची? आमच्या घरची एक भाकरी म्हणजे शहरातल्या हॉटेलच्या दोन होतात.

तेव्हा मी ठरवलं की कागदापेक्षा मोजू. साखर मोजायचं यंत्र आणलं आणि जुन्या लेजरसारखी एक लांब वही केली. चार रकाने: तारीख, जेवणाआधीचा आकडा, काय आणि किती खाल्लं, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनंतरचा आकडा. एक पट्टी वीस रुपयांच्या आसपास पडते. रोज नाही, आठवड्यातून तीन जेवणं मोजायची, आणि दर वेळी वेगळा पदार्थ. चार महिन्यांत घरात शिजणाऱ्या बहुतेक पदार्थांचा जमाखर्च तयार झाला. आजच्या भाषणात सांगण्यासारखी माझ्याकडची गोष्ट ही एवढीच आहे. बाकी सगळं डॉक्टर सांगतातच.

वहीतल्या काही नोंदी वाचतो. एक बशी पोहे, भरपूर बटाटा घातलेले: आधी ११८, नंतर २१४. मुरमुऱ्याचा सुशीला, मुरमुरे निम्मे आणि शेंगदाणे-डाळं दुप्पट: ११५ वरून १७१. दोन भाकरी, पिठलं आणि ठेचा: १२१ वरून २०६. हा आकडा बघून मी यंत्र बिघडलं म्हणून पुन्हा टोचलं. २०१! भाकरीने कशी वाढेल? भाकरी तर चांगली ना? चांगलीच आहे. पण ज्वारी असो की गहू, शंभर ग्रॅम पिठात पासष्ट-सत्तर ग्रॅम पिष्ट असतं, आणि पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. ज्वारीत तंतू आहेत, पोट भरतं, हे तिचे गुण. म्हणून ती मोजायची नाही असं नव्हे. मग आठ दिवसांनी असं केलं: आधी काकडी आणि वाटीभर मेथीची भाजी, मग घट्ट वरण, आणि शेवटी एक भाकरी. ११९ वरून १५८. घर तेच, चूल तीच, ज्वारी तीच. भाजी-डाळ आधी आणि भाकरी नंतर, या क्रमानेही फरक पडतो. आता आमच्या ताटात निम्मी जागा भाजी-कोशिंबिरीची, पावपट डाळ, उसळ, अंडं किंवा दह्याची आणि पावपट भाकरीची. तांदुळजा, शेपू, अंबाडी, चवळीच्या शेंगा, सगळं आपल्या आठवडी बाजारातलं. ब्रोकोलीची गाठ अजून पडलेली नाही.

सगळ्यात मोठी नोंद उपवासाची. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, एकच बशी: १२२ वरून २४६. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ आपण हसत म्हणतो, माझ्या वहीत ते आकड्यांत उतरलं. सौ.ना उपवास मोडायचा नव्हता आणि मलाही मोडावासा वाटत नाही. आता आमच्या घरी एकादशीला दही, शेंगदाण्याची आमटी, काकडी आणि अगदी मूठभर भगर होते. विठ्ठलाने अजून तक्रार केलेली नाही.

गुळाबद्दल बोलतो, कारण हा प्रश्न मला जिन्यात रोज विचारतात. “साखर बंद केली, आता गुळाचा चहा घेतो, चालतं ना?” या गावात हा प्रश्न विचारू नये हो! गूळ आणि साखर एकाच रसातून होतात. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं राहतात, बाकी बहुतेक साखरच. रसवंतीच्या एका ग्लासात पाच-सहा चमचे साखर असते. मध, काकवी, खजूर, सगळ्यांचं तेच. मोसंबीबद्दल मात्र थोडी सूट. जालन्याची मोसंबी सोडायची म्हणजे जीवावर येतं. मी मोजलं: एक मध्यम मोसंबी चोथ्यासकट खाल्ली तर तीसेक अंकांनी वाढते, आणि तीन मोसंब्यांचा रस गाळून प्यायलो तर सत्तरच्या पुढे. म्हणून आता चोथ्यासकट एकच खातो. हे माझे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. म्हणून तर तुमची वही तुम्हीच लिहायची. माझी वही उतरवून घेऊ नका.

मोजताना दोन गोष्टी. हात साबणाने धुऊन, कोरडे करून टोचायचं, आणि बोटाच्या टोकावर न टोचता बाजूला टोचायचं, तिथे दुखतं कमी. आपल्यापैकी एक गृहस्थ मागच्या महिन्यात सकाळी सकाळी माझ्याकडे घामाघूम होऊन आले, “साहेब, ३११!” मी विचारलं, आत्ता काय करत होता? म्हणाले, नातवाला मोसंबी सोलून दिली. हात धुवायला लावले, पुन्हा तपासलं, १४८. बोटावरच्या रसाची साखर यंत्राने मोजली होती. दुसरी गोष्ट, हे यंत्र पंधरा टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं, तेवढी त्याला मुभाच आहे. १४० आणि १५० हे एकच आकडे समजा. बँकेत एक रुपयाचा फरक सापडेपर्यंत आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत बसायचो. ती सवय इथे कामाची नाही, उलट त्रासाची आहे. माझा रक्तदाब वाढेल म्हणून सौ.नी सुरुवातीला काही दिवस यंत्र कपाटात ठेवलं होतं!

खाण्याइतकाच फरक चालण्याने पडला. सकाळचं फिरणं आपण सगळेच करतो, ते चांगलंच. पण जेवणानंतर पंधरा मिनिटं चालल्यावर आकडा कसा उतरतो ते एकदा मोजून बघा. स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची फारशी वाटही बघत नाहीत. तेच एक भाकरीचं जेवण आणि आपल्या सोसायटीला तीन फेऱ्या: १५८ च्या जागी १३७. मे महिन्यात दुपारी बाहेर पडणं शक्य नाही, तेव्हा घरात खुर्चीवरून उठबस करतो, वीस वेळा. गुडघे कुरकुरतात तेव्हा दहा वेळा.

इथे थोडं विषयांतर. आमच्या लहानपणी हा भाग कोरडवाहू होता. बाजरी, ज्वारी, तूर, आणि बाजाराला चालत जायचं. जायकवाडी झालं, डावा कालवा आला, कालव्यामागून ऊस आला, उसामागून कारखाना. त्याने घरं उभी राहिली, मुलं शिकली, आपली ही सोसायटीही त्याच पैशातून झाली. मी स्वतः त्या काळात विहिरी आणि मोटारींची शेकडो कर्जं मंजूर केली आहेत, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण चालणं गेलं. आता चौकातून कोथिंबीर आणायलाही मोटारसायकल निघते. आणि दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर घरात आली की ती संपवायला हवीच, असं का कोण जाणे आपल्याला वाटतं.

उपचारांबद्दल बोलताना दीक्षित डाएटचा उल्लेख केल्याशिवाय मराठवाड्यात पुढे जाताच येत नाही. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून ही पद्धत गावोगावी पोचवली. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही खायचं नाही. आपल्या सोसायटीत पाच-सहा जण ती करतात, दोघांची वजनं चांगली उतरली आहेत. दिवसभर तोंड चालू ठेवण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिच्यावर हा चांगला उतारा आहे असं माझं मत. माझी एकच विनंती आहे. ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. गोळी आपल्या वेळेवर काम करणार, आणि पोट रिकामं असलं तर साखर नको तितकी खाली जाणार.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या नवरात्रात तिसऱ्या ओळीतल्या एक आजी, नाव घेत नाही, मत्स्योदरी देवीचे नऊ दिवस निरंकार धरायच्या तयारीत होत्या. उपवास चालू, गोळीही चालू, कारण ‘डॉक्टरांनी गोळी चुकवू नका म्हणून सांगितलंय’. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओट्यावर बसून काहीबाही बोलायला लागल्या, दरदरून घाम, हात थरथरत होते. कोणी म्हणालं अंगात आलं, कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी हळद-कुंकू आणायला धावलं. शेजारची नववीतली मुलगी तिथे होती. तिच्या वडिलांना मधुमेह आहे. तिने घरातून यंत्र आणून तपासलं: ४८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आजींना पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ८६ झाली, मग थोडा भात खाऊ घातला आणि तोवर डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा आली. ती मुलगी आत्ता मागे बसली आहे, लाजते आहे, पण तिच्यासाठी एकदा टाळ्या वाजवा.

सत्तरच्या खाली साखर गेली की ती धोक्याची. घाम, थरथर, धडधड, गरगरणं, चिडचिड, बोलणं अडखळणं, ही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवीत. तेव्हा बिस्किट किंवा चॉकलेट शोधत बसू नका. साखरेचं पाणीच द्या, तीन चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, सरळ दवाखान्यात न्या. वर्षभर जिच्यापासून लांब पळालो ती साखर अशा वेळी औषध असते. माझ्या सदऱ्याच्या खिशात चार पुड्या असतात. आपल्याच कारखान्याची साखर आहे.

आणि म्हणूनच म्हातारपणी साखर फार खाली आणायचा हट्ट करू नये. हे मला डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मला आधी पटलं नाही. मला वाटायचं, जितकी कमी तितके गुण जास्त. पाचव्या महिन्यात एकदा जेवणाआधी ६४ आली, तेव्हा त्यांनी ग्लिमेपिराइड बंदच केली. म्हणाले, “काका, तुमच्या वयाला एचबीएवनसी सात ते साडेसात पुष्कळ झालं. ज्यांची तब्येत नाजूक आहे, त्यांना आठही चालतं. तुम्ही चक्कर येऊन बाथरूममध्ये पडलात आणि खुबा मोडला, तर त्या साडेसहाचं काय करायचं?” मार्चमध्ये माझी ७.१ आली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि डोळ्याचा मागचा पडदा तपासला तर तो शाबूत आहे. आता दर वर्षी तो तपासायचा, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन तपासायचं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालली तर बी-१२ कमी होऊ शकतं, तेही अधूनमधून बघायचं.

पायांचं मात्र रोज. पहिल्या रांगेत आमचे एक जुने मित्र बसले आहेत, त्यांनी स्वतःच मला ‘माझं सांगा’ असं सांगितलं म्हणून सांगतो. उन्हाळ्यात अनवाणी देवदर्शनाला गेले, तळव्याला फोड आला. दुखला नाही, म्हणून कळला नाही. दुखलं नाही हाच आजार, कारण नसांची जाणीव गेलेली होती. महिन्याभरात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. ते काट्यावर तीस वर्षं उभं राहून नोकरी केलेले गृहस्थ आहेत. आता रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जातो. ते मला विचारतात, “पाय दाखव.” मी चप्पल काढतो, ते चष्मा लावून माझे तळवे आणि बोटांच्या मधल्या बेचक्या बघतात. मग चहा, बिनसाखरेचा. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही, वाकता येत नाही, आरसा धरून कंटाळा येतो. त्यांनी जी युक्ती काढली ती मला सगळ्यात आवडली. जोडीजोडीने एकमेकांचे पाय बघा. लाजायचं काही नाही.

खर्चाचाही प्रश्न आहे, तो टाळत नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते, मेटफॉर्मिनसारखी गोळीही मिळते. जनऔषधी दुकानात तीच गोळी बरीच स्वस्त पडते. मेटफॉर्मिन हे जुनं औषध आहे, १९५७ पासून माणसांना दिलं जातंय, त्याला भारी वेष्टनाची गरज नाही. कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड, ज्याला जे घ्यायचं ते घ्या, पण वहीत त्याचाही रकाना ठेवा, आणि त्यासाठी गोळी बंद करू नका. जालन्याला एका ठिकाणी ‘नव्वद दिवसांत मधुमेह मुळापासून’ म्हणून बारा हजारांचा डबा मलाही दाखवला होता. मी विचारलं, नव्वद दिवसांनी एचबीएवनसी मोजून द्याल का? दुकानदाराने डबा परत कपाटात ठेवला.

कार्यकारिणीपुढे दोन गोष्टी मांडतो आणि थांबतो. एक, आजच्या स्नेहभोजनात जिलेबी आहे, असू द्या, पंचवीस वर्षांनी एकदा येते. पण कोल्ड्रिंकच्या बाटल्यांऐवजी पुढच्या कार्यक्रमापासून जिऱ्याचा मठ्ठा ठेवावा, आणि भात-जिलेबीच्या आधी कोशिंबीर आणि उसळ पानात वाढावी. वाढपी मंडळींनी आग्रह करू नये, आणि आमच्यासारख्यांनी ‘एक घ्याच हो’ असं दुसऱ्याला म्हणू नये.

दुसरं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता याच सभागृहात आपण जमू. यंत्र मी आणीन, पट्ट्यांसाठी माणशी वीस रुपये. सुई प्रत्येकाने आपली आणायची, एकाची सुई दुसऱ्याला अजिबात चालणार नाही, घरातल्या नवऱ्या-बायकोलासुद्धा. रात्री जेवल्यावर काही न खाता यायचं. आपापली वही आणा, पाय धुऊन या. तपासणीनंतर नाष्टा आमच्याकडे. सुशीला असेल, शेंगदाणे जास्त, मुरमुरे कमी.